मुक्या पंगतीतलं ताक

"आणि ती प्रश्न विचारायची थांबली, हे तुमच्या लक्षात कधी आलं?" रंगनाथबुवांनी विचारलं.

केतकी वरमली. टेकडी चढून मठात येईपर्यंत तिने सगळं बोलणं मनात नीट जुळवून आणलं होतं, आणि बुवांनी नेमकं नको तिथे बोट ठेवलं.

"नीट सांगता येणार नाही," ती म्हणाली. "हळूहळू झालं."

"मग आधीचं सांगा."

आधीचं सांगायला केतकीला आवडायचं. तिची मुलगी शर्वरी दुसरीत होती. शाळेत नुसत्या पाट्या टाकतात, खरं शिक्षण व्हायचं ते घरात, असं केतकीचं ठाम मत. त्यामुळे घरातला एकही कोपरा तिने मोकळा सोडला नव्हता. जिन्याच्या पायऱ्यांवर पाढे. तूर, मूग, मसूर एकत्र करून वेगवेगळे निवडायचे. बटाट्याचे ठसे. कुंडीत मोहरी, शेजारी पट्टी, रोज उंची मोजायची. सोसायटीतल्या आया फोन करून विचारायच्या, आज काय घेतलंत? केतकी सांगायचीही, थोडं हातचं राखून.

"तीसुद्धा रमायची," केतकी म्हणाली. "आता बोलावलं की दारातच उभी राहते आणि म्हणते..."

"काय म्हणते?"

"यात काय शिकायचंय, ते आधी सांग."

बुवांनी खुणेनेच पुढे बोलायला सांगितलं.

"पूर्वी मला नुसती भंडावून सोडायची. पाल भिंतीवरून पडत का नाही, पाण्यात सावली भिजत का नाही... आता कित्येक दिवसांत एक प्रश्न नाही. मी विचारते, ती बरोबर उत्तर देते आणि निघून जाते." केतकी जरा पुढे सरकली. "मला भीती वाटते, बुवा. माझं काही चुकत असेल तर सांगा. नाहीतर एखादा नवा उपक्रम तरी सांगा."

शेवटचं वाक्य बोलल्यावर तिला हायसं वाटलं. खरं तर ती त्याचसाठी आली होती.

"पानं वाढतायत," बुवा म्हणाले. "अंगणातून लेकीला घेऊन या. आधी जेवा."

मठातली पंगत मुकी असे. जेवताना कोणी बोलायचं नाही. जो बोलेल त्याने उठायचं, ताकाची कासंडी हातात घ्यायची आणि दुसरं कोणी बोलेपर्यंत सगळ्यांना वाढत राहायचं. दुसरा बोलला की कासंडी त्याच्याकडे. याला शिक्षा म्हणा की रीत म्हणा, गावातली माणसं काहीच म्हणत नसत. खाली मान घालून जेवत.

केतकीला हे सगळं दारातच सांगितलं होतं. तिने ते शर्वरीला पुन्हा पुन्हा बजावलंही होतं.

पत्रावळीवर भाकरी आली, पिठलं आलं. शर्वरीने भाकरी मोडली. दोन तुकडे झाले. मग त्यातल्या एकाचे तिने आणखी दोन केले.

इतकी चालून आलेली संधी...

"शरू, हा अर्धा की पाव?"

पंगतीतल्या माना वर झाल्या आणि परत खाली गेल्या. ताक वाढणाऱ्या म्हाताऱ्याने कासंडी मुकाट्याने केतकीच्या पुढ्यात आणून ठेवली आणि तो आपल्या पानावर जाऊन बसला. बिचारा मघापासून ताटकळला होता.

केतकीचे कान तापले. ओढणी खोचून ती उठली आणि वाढत निघाली. तिच्याकडे कोणी पाहतही नव्हतं, द्रोण तेवढे पुढे सरकत होते. होता होता ती शर्वरीपाशी आली. किती दिवसांनी ती लेकीसमोर काही न विचारता उभी होती. विचारायची सोयच नव्हती.

शर्वरी प्रश्नाची वाट पाहत राहिली.

प्रश्न आला नाही.

मग ती उठली आणि तिने टाचा उंचावून कासंडीत डोकावलं.

"हे लोण्याचे ठिपके खाली का जात नाहीत?"

केतकीला तिथेच रडू फुटायचं बाकी राहिलं. उत्तर जिभेवर होतं. उत्तरच काय, पेलाभर पाण्यात तेल ओतून करायचा प्रयोगही तयार होता. तिने तोंड उघडलं.

पण शर्वरी बोलली होती, म्हणजे कासंडी आता शर्वरीची. पोरीने ती दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि आईच्या तोंडाकडे पाहिलं... आई बोलली तर कासंडी परत जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

केतकीने तोंड मिटलं. फार जड गेलं. ती आपल्या पानावर जाऊन बसली.

शर्वरी वाढू लागली. कोणाच्या द्रोणात ताक गेलं, कोणाच्या धोतरावर. बुवांचं तर सगळं पिठल्यातच गेलं आणि बुवांनी ते कालवून खाल्लं. दर दोन-तीन पानांनंतर पोरगी थांबायची, कासंडी हलवायची, आत बघायची आणि पुढे जायची. पंगत संपेपर्यंत दुसरं कोणी बोललं नाही.

हात धुऊन केतकी बुवांपाशी आली. तिकडे ओट्यावर शर्वरी कासंडी पुढ्यात घेऊन उकिडवी बसली होती. एक ठिपका बोटाने खाली दाबायची, सोडायची आणि तो वर येताना बघत राहायची.

"विचारलं हो तिने," केतकी हलक्या आवाजात म्हणाली. डोळे भरले होते आणि उत्तर अजून जिभेवरच होतं. "आता पंगतही उठली. आता सांगू ना तिला?"

बुवांनी शर्वरीकडे पाहिलं.

"तिनं तुम्हाला विचारलं होतं?"