राख चोळलेले बियाणे

पूर्वी काशीदेशात सुदंत राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी एका सार्थवाहाच्या घरी जन्म घेतला होता. वडिलांमागे बैलगाड्यांचा तांडा घेऊन ते दूरदेशी व्यापाराला जात. गावोगावचे लोक आपली शिल्लक त्यांच्या हवाली करीत आणि तांडा परतला की नफ्याचा वाटा घेत.

नळग्रामात कुमुदा नावाची बुरुडीण राहत असे. नवरा भद्रक टोपल्या विणी, आणि दोघे मिळून भाताचा एक तुकडा कसत. कुमुदा रोज तांदूळ वैरताना एक मूठ काढून मडक्यात टाकी. मडके भरत आले की काहीतरी उभे राहायचेच. कधी भद्रकाचा ताप, कधी नणंदेचे बाळंतपण. मडके पुन्हा रिकामे. साठवण्याचाही शीण येतो, हे ज्यांनी कधी साठवले नाही त्यांना पटायचे नाही.

त्या वर्षी थंडी सरताना दोन तांडे गावात उतरले. एक बोधिसत्त्वांचा, दुसरा पर्णक नावाच्या सार्थवाहाचा. "वैशाखात परत येऊ, एकाचे तीन करू," अशी पर्णकाने हाळी दिली आणि शेजारीपाजारी कणग्या उपसून त्याच्याकडे धावले. कुमुदाने मडके उचलले, आणि कणगी उपसून दोन पोतीही भरली. भद्रक घुटमळला.

"अगं, थोडं तरी मागे ठेव."

"नको. एकदाचं होऊन जाऊ दे. ही रोजची मूठ नको नि रोजचा घोर नको."

बोधिसत्त्वांचा तळ जवळ होता, म्हणून दोघे तिथे गेले. बोधिसत्त्वांनी पोत्यात हात घातला, तो तळव्याला राख लागली. कीड लागू नये म्हणून बियाण्याला राख चोळतात. खायच्या भाताला कोणी चोळत नाही.

"ताई, हे बियाणं आहे."

"आहे. पेरणीआधी तुम्ही येणार ना?"

"यायचं तर आहे."

"मग?"

"मडकं घेतो. ते बुडालं तर तुम्ही रडाल, पण जेवाल. पोती घरी न्या."

"म्हणजे गरिबाने नफ्याचं तोंडही पाहू नये!" कुमुदा संतापून म्हणाली. बोधिसत्त्वांचे भागीदारही चिडले, कारण एक गाडी अर्धी रिकामी जात होती. बोधिसत्त्वांनी मडक्यातले तांदूळ तेवढे मोजून घेतले आणि मडके परत दिले. पर्णकाचा तळ गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. तिथवर पोती न्यायचे त्राण कुमुदात उरले नव्हते. थकव्याने माणसाचे भले होते, ते असे कधीतरी.

तांडे लुटले गेले नाहीत. माल उत्तम खपला. पण परतताना अवकाळी पावसाने नद्या चढल्या आणि दोन्ही तांडे पैलतीरी अडकून पडले. गावात पेरणीची वेळ आली, तेव्हा बी फक्त कुमुदाच्या कणगीत होते. तिने शेजारणींना पसा-पसा दिले, पण दोन पोत्यांत गाव किती पेरणार? तांडे आले तेव्हा श्रावण सरत होता. पर्णकाने खरोखरच एकाचे तीन केले होते. लोकांच्या ओंजळी चांदीने भरल्या, आणि वावरांत गवत माजले होते. वरातीमागून घोडे आले, ते सोन्याचे असले तरी काय करायचे?

बोधिसत्त्व मडक्याचा वाटा घेऊन कुमुदाच्या दारी आले.

"दादा, नद्या अडवतील हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं का?"

"मला कुठून ठाऊक असणार, ताई? ठाऊक नव्हतं, म्हणूनच पोती घेतली नाहीत."

कुमुदाने वाटा मडक्यात टाकला, कणगीला पाठ टेकली आणि कित्येक वर्षांनी भरदुपारी तिला गाढ झोप लागली.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, थांबले. समोर घरखर्चाच्या काळजीने शिणलेली एक उपासिका बसली होती. "सगळी शिल्लक एकदाच लावून मोकळी होऊ का?" या तिच्याच प्रश्नावर ही कथा निघाली होती. शास्ते म्हणाले, "तेव्हाची कुमुदा ही इथे बसली आहे. भद्रक म्हणजे दाराशी वाट पाहणारा तिचा नवरा. पर्णक या परिषदेत नाही, तो अजून बाजारात हाळी देतो आहे. आणि तो सार्थवाह मीच होतो. उद्याचे आपल्याला कळत नाही, हे ओळखून दुसऱ्याचे बियाणे त्याच्याच घरी राहू देणे, ही प्रज्ञा होय."