हजार कोळ्यांची गुहा

माणसाची पायवाट अजून त्या रानात शिरली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. पुराचा अंदाज आधीच कळावा म्हणून वाघराजाने एक गुहा खोदवली आणि तिच्यात हजार कोळी बसवले. कोणी प्रश्न विचारला की प्रत्येक कोळी आपल्या धाग्यावर थोडा थोडा हिशेब करी, आणि सगळ्यांची कुजबुज जुळली की उत्तर मिळे. त्यांच्या पोटासाठी दरबारातून रोज माशा येत.

पुढच्या वर्षी कारभारी रानबोक्याने माशा बंद केल्या. "गुहा दिली, जाळं झालं, उद्घाटनाला हारसुद्धा घातले. आता रोजचा खर्च कशाला?"

नदीकाठच्या वाळूत अंडी घालणारी टिटवी गुहेत जाऊन आली आणि कळवळून म्हणाली, "कारभारी, ते उपाशी आहेत हो!"

"जाळं हलतंय ना? मग झालं तर," बोका म्हणाला.

जाळं हलत होतं खरं. पण कुजबुज दिवसेंदिवस विरळ होत गेली.

आभाळ भरून आलं तेव्हा टिटवी पुन्हा गेली. जाळ्याच्या मधोमध उंदराएवढा एकच कोळी बसला होता. भोवतीच्या धाग्यांवर वाळलेले पाय लोंबत होते.

"बाकीचे कुठे गेले?" तिने विचारलं.

"आम्ही सगळे इथेच आहोत," तो पोटावरून पाय फिरवत म्हणाला. "विचार, बाई."

टिटवी एक पाऊल मागे सरकली. "यंदा पाणी कुठवर चढेल?"

"सांगतो की," कोळी म्हणाला, आणि जाळं हळूच हललं. "आधी सांग, तुझी अंडी नेमकी कुठे आहेत?"