दिवेलागणीचं बंद दार

एका राज्यात दिवाळी इतकी झगझगीत होई, की चंद्रसुद्धा तोंड लपवून बसे. अमावस्या असते म्हणून, असं ज्योतिषी म्हणत. लाजेनं, असं प्रजा म्हणे. ज्योतिष्यांचं खरं होतं, पण ऐकायला प्रजेचं बरं वाटे.

या राज्याचा राजा मेघकेतू. त्याच्यापाशी तांब्याची एक पेटी होती आणि पेटीत शोभेची दारू होती. बाण काढा, भुईनळे काढा, चक्रं काढा, पेटी आपली भरलेलीच. नदीपलीकडे राहणाऱ्या धूम्राक्ष जादूगाराने ती राजाच्या आजोबांना दिली होती. देताना तो इतकंच म्हणाला, "उजेड तुमचा. मोल तो देईल, ज्याने उजेड मागितला नाही." आजोबांनी विचार केला, उजेड नको असतो तो चोराला. चोराने मोल दिलं तर आपलं काय गेलं? त्यांनी पेटी हसत हसत घरात घेतली.

मोल चोरांनी दिलं नाही. ते दिलं गुरांनी, कुत्र्यांनी, मांजरांनी.

कारण त्या राज्याची रीत अशी, की लक्ष्मीपूजनाच्या दिवेलागणीला घराचं एकही दार लावायचं नाही. लक्ष्मी पावलं मोजत येते, बंद दार दिसलं की आल्या वाटेनं परत जाते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून दारं सताड उघडी. आणि नेमक्या त्याच वेळी राजवाड्याच्या गच्चीवरून पहिला बाण सुटे. आभाळ फुटे. घरातलं जनावर बिथरून उठे आणि समोरच्या उघड्या दारातून जीव घेऊन पळे. भीतीने पळता पळता त्याने राज्याची शीव ओलांडली, की त्याचं नाव गळून पडे. नाव गळालं, की त्या जनावराचं धुकं होई.

नदीपलीकडचं धुकं दर वर्षी वाढत होतं. थंडीच्या सकाळी काठावर उभं राहिलं तर त्यातून श्वास ऐकू येत. म्हणून तिथे कुणी उभं राहत नसे. 'गेलं ते लक्ष्मीला पावलं,' असं म्हणून लोक फराळाला बसत. वसुबारसेला गाईच्या पायांवर पाणी घालायचं, तिला गोडाचा घास भरवायचा, आणि ती तो पचवते न पचवते तोच तिच्या कानाशी आभाळ फोडायचं. माणसाची भक्ती अशी तऱ्हेवाईक असते.

पहिला बाण लावण्याचा मान राजकन्या इरावतीचा. तिच्याइतका सरळ बाण कुणाचाच जात नसे, आणि ते तिला पुरतं ठाऊक होतं. तिच्यापाशी एक कुत्रा होता. रंगाने तपकिरी, कपाळाला सुरकुत्या, म्हणून नाव खारीक. रात्री तो तिच्या पायांशी झोपे आणि सकाळी दासी जात्यावर बसली, की जात्याला पाठ टेकून पुन्हा झोपे. त्याची ती पहिलीच दिवाळी होती.

इरावतीने बाण लावला. बाण सरळ गेला. लोक वाहवा म्हणाले, म्हणून तिने कौतुकाने खाली पाहिलं, तर पायांशी खारीक नव्हता. जिना, चौक, देवडी, सगळी दारं उघडी होती, आणि ती उघडी ठेवायला सकाळी तिनेच सांगितलं होतं. ती अनवाणी धावली. शिवेच्या दगडापाशी तिला खारकेचं नाव पडलेलं सापडलं. ते अजून कोमट होतं. तिने ते पदराच्या गाठीत बांधलं आणि तिथेच बसून रडू लागली.

शिवेवरच्या कडुनिंबात एक पिंगळा राहत असे. तो म्हणाला, "राजकन्ये, रडू नकोस. रडण्याने धुकं दाट होतं."

"आपण कोण?"

"पिंगळा. तुझ्या बाणाने माझी ढोली जळाली आहे, तेव्हा मी गोड बोलणार नाही. नाव सांभाळ आणि धूम्राक्षाकडे जा."

धूम्राक्ष नदीपलीकडे एका खडकावर राखेची ऊब घेत बसला होता. त्याच्याभोवती धुकं बसलं होतं, आणि त्यातला एक पुंजका उठून इरावतीच्या पायांशी आला. तिने हात लावला, तर हात नुसता ओला झाला.

"नाव कोमट आहे तोवर आशा आहे," धूम्राक्ष म्हणाला. "पुढच्या लक्ष्मीपूजनाला ते गार पडेल. मग हा कुत्रा माझा."

"तो परत हवा असेल तर?"

जादूगारांना पैज आवडते, आणि पैजेत त्यांना खोटं बोलता येत नाही. धूम्राक्ष म्हणाला, "तुमच्या राज्यात आता घरचं एकच जनावर उरलं आहे. पोवळी नावाची वासरी. पाय मुरगळला म्हणून तिला पळता आलं नाही. वर्षभरात पाय बरा होईल. येत्या दिवाळीला पेटी मी स्वतः पेटवीन. ती वासरी शिवेच्या आत राहिली, तर पेटी रिती होईल आणि हे सारं धुकं तुझं. त्यासाठी तीन गोष्टी मिळव. बाहेर नसलेलं घर. आवाज पिणारा आवाज. आणि उजेडाकडे पाठ करून बसेल असं माणूस."

"तिसरी गोष्ट सोपी आहे."

"म्हणूनच ती शेवटी ठेवली आहे," धूम्राक्ष म्हणाला आणि राख ढवळू लागला.

इरावती परतली. बाहेर नसलेलं घर म्हणजे तळघर, असं तिला वाटलं. तिने पोवळीला दगडी तळघरात नेलं. तिथे वाऱ्याचाही आवाज येत नव्हता. पोवळीने चारा सोडला आणि भिंतीला डोकं लावून उभी राहिली. पिंगळा झरोक्यात येऊन बसला.

"तुरुंगातही शांतता असते," तो म्हणाला. "कैदी सुखी असतात का?"

इरावतीला ते लागलं, पण पटलं. मग तिने राजवाड्याच्या पोटातलं माजघर निवडलं. त्याला एक दार आणि एक खिडकी. खिडकीवर तिने गोधड्यांवर गोधड्या टांगल्या. पोवळीच्या गोठ्यातला पेंढा, तिची जुनी दावण, तिच्या आईच्या अंगावरची झूल, जे जे तिच्या वासाचं ते ते आत आणलं. दिवाळीला अजून अवकाश होता. ती रोज पोवळीला तिथे आणी, पेज पाजी आणि परत नेई. हळूहळू पोवळी आपल्या पायांनी यायला लागली. एके दुपारी ती आत येऊन बसली आणि डोळे मिटून रवंथ करू लागली. बाहेर नसलेलं घर ते हेच. जिथे बाहेरची आठवण येत नाही ते.

आवाज पिणाऱ्या आवाजासाठी राजकन्येने नगारखाना बोलावला. मोठ्या आवाजाला त्याहून मोठा आवाज, असा तिचा हिशेब. पहिल्या टिपरीलाच पोवळीने लाथ झाडली आणि नगाऱ्यात खूर अडकवून बसली. पिंगळा एवढा हसला, की फांदीवरून घसरला.

पण दुसऱ्या सकाळी इरावतीला जाग आली ती घरघर ऐकून. खाली दासी दळत होती, आणि भिंतीपलीकडे पोवळी कान सैल सोडून निवांत पडली होती. त्याच घरघरीशेजारी खारीक झोपत असे. तिने जातं माजघरात आणवलं आणि दळायला शिकली. राजकन्येच्या हाताला फोड आले, पीठ जाडंभरडं पडलं, ओव्या बेसूर झाल्या. पोवळीची काही तक्रार नव्हती.

दिवाळी आली. वसुबारसेला प्रजेने मातीच्या गाई पुजल्या. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी इरावती राजाला म्हणाली, "बाबामहाराज, आज दिवेलागणीला माजघराचं दार मी लावणार आहे."

राजाचा चेहरा उतरला. "लक्ष्मी परत गेली तर राज्य धुळीला मिळेल."

"गोठे ओस पडले आहेत. ती आली तरी राज्यात तिला दिसणार काय?"

राजाने तांब्याच्या पेटीकडे पाहिलं. मग म्हणाला, "एका दाराची परवानगी देतो. एकाच."

ऊन होतं तोवर इरावतीने पोवळीला तळ्याकाठी मनसोक्त फिरवलं. पोटभर खाऊ घातलं. तिचं नाव कोरलेली तांब्याची चकती तिच्या गळ्यात बांधली, म्हणजे पळालीच तरी नाव गळायला नको. अंगणात दासींनी लक्ष्मीची पावलं काढली होती, ती माजघराच्या उंबऱ्यापर्यंत आली होती. दिवे लागायला आले तशी इरावती पोवळीला घेऊन आत गेली आणि तिने दार लावलं.

आणि राजवाड्याच्या गच्चीवर धूम्राक्षाने पेटी पेटवली.

तसा उजेड त्या राज्याने कधी पाहिला नव्हता. आभाळात मोर नाचले, माणकांची झाडं उगवली, सोन्याच्या नद्या वाहिल्या. दाराच्या फटीतून त्याचे रंग माजघराच्या भिंतीवर येत, आणि बाहेर प्रजा आपल्या राजकन्येला हाका मारी. इरावतीला वळून पाहावंसं वाटलं. फार वाटलं. आपल्या हाताने यातला एक तरी बाण सुटावा, असं तिच्या बोटांना वाटलं. ती दाराकडे पाठ करून जातं ओढत राहिली.

पोवळी थरथरत उठली. इरावती तिच्यावर ओरडली नाही, तिला आवळून धरलं नाही, घाबरू नकोस असंही म्हणाली नाही, कारण घाबरण्यासारखंच होतं. ती फक्त तिथे होती आणि जातं फिरत होतं. पोवळी दोनदा दारापर्यंत गेली. दोनदा परत आली. मग येऊन इरावतीच्या पाठीला पाठ लावून बसली.

तेवढ्यात उंबऱ्यापाशी पैंजण वाजले. आवाज इतका मंजुळ होता, की जात्याचा खुंटा इरावतीच्या हातून सुटू लागला.

"इरावती, दार उघड. मी लक्ष्मी. बंद दारातून मी परत जाते, हे तुला ठाऊक आहे."

इरावतीने खुंटा घट्ट धरला. दार उघडलं तर वासरी जाणार, न उघडलं तर राज्य. आणि वासरी गेली तर पदरातलं नाव गार पडणार. तिने पदराची गाठ चाचपली. मग पाठ न वळवता ती म्हणाली, "आई, आत एक जीव घाबरला आहे. आपण लक्ष्मी असाल तर आपल्याला हे सांगायला नको. कृपा करून क्षणभर उंबऱ्यावर टेका. आवाज थांबला की मी स्वतः दार उघडते."

बाहेरून उत्तर आलं नाही. पैंजणही वाजले नाहीत, ना जवळ, ना दूर. इरावती दळत राहिली, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी पिठात पडत राहिलं.

मग आभाळात एक शेवटचं फूल उमललं आणि विझलं. धूम्राक्षाने पेटीत हात घातला, तर तळ लागला. इतक्या वर्षांत त्या पेटीचा तळ कुणी पाहिला नव्हता. तो रिकामी पेटी काखेत मारून मुकाट्याने निघून गेला. पैज हरलेला जादूगार भांडत नाही.

अशी शांतता झाली, की जात्याची घरघर गावभर गेली, नदीवर गेली, पलीकडे गेली. ती घरघर प्रत्येक घरच्या जनावराच्या ओळखीची होती. धुकं उठलं आणि आवाजाच्या रोखाने चालू लागलं.

थोड्या वेळाने माजघराच्या दारावर नखं घासल्याचा आवाज आला. इरावतीने दार उघडलं. उंबऱ्यावर धुक्याचा एक पुंजका उभा होता आणि शेपटीच्या जागी काहीतरी हलत होतं. तिने पदराची गाठ सोडली. नाव गार पडत आलं होतं.

"खारीक," ती म्हणाली.

धुक्याला आधी कान आले, मग सुरकुतलेलं कपाळ, मग चिखलाने भरलेले चार पाय. तो तिच्या अंगावर उडी मारून आला आणि आपल्या जागी, जात्याला पाठ टेकून, झोपी गेला. अंगणात राज्यभरच्या गाई हंबरत होत्या, आणि माणसं आठवून आठवून त्यांची नावं घेत होती. पोवळीची आई तर नावासाठीही थांबली नाही. ती थेट आत शिरली, आणि पोवळीने हंबरून हंबरून तिला तिचं नाव दिलं.

पाडव्याच्या सकाळी सगळ्यांनी उंबरा पाहिला. तिथली रांगोळी पुसली होती, कुणीतरी बराच वेळ टेकून बसल्यासारखी. आदल्या संध्याकाळी आली ती खरी लक्ष्मी की धूम्राक्षाची माया, हे पिंगळ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "बसली ना? मग झालं."

आणि अंगणातून आत येणाऱ्या लक्ष्मीच्या पावलांशेजारी, थेट माजघरापर्यंत, चिखलाची छोटी छोटी पावलं उमटली होती. दासी पुसायला धावली. राजाने तिला थांबवलं.

तेव्हापासून त्या राज्यात बाण सुटतात ते दूर माळावर, आधी दवंडी पिटून, मोजके. दिवेलागणीला ज्याच्या घरी मुकं जनावर असेल त्याने दार लावून आत बसावं, लक्ष्मी थांबते, अशी नवी रीत पडली. आणि तिथल्या बायका रांगोळीत लक्ष्मीची पावलं काढतात, तेव्हा शेजारी बोटांनी टिकल्या टेकवून खारकेचीही काढतात.

पिंगळ्याने ही गोष्ट मला सांगितली, ती मी तुमच्या उंबऱ्यावर ठेवली. आता दिवा लावा, दार लोटा, आणि पायांशी कुणी झोपलं असेल तर पाय हलवू नका.