आक्काची पाठ

हिरडवाडीहून डोंगरमाथ्याच्या सपाट सड्यावरच्या धनगरवाड्याकडे चढताना निम्म्या वाटेवर एक काळा कातळ लागतो. त्याच्या अंगात माणसाची पाठ मावेल एवढा खोलगा आहे. पाहुणे दम खायला तिथे टेकतात आणि बरोबर वाड्यावरचे म्हातारे धाकूतात्या झोरे असले, की तेही काठी आडवी ठेवून बसतात आणि सांगू लागतात.

फार मागे वाड्यावर चारच घरं होती म्हणे. उन्हाळ्यात पाणी आटलं, तशी सगळी माणसं म्हशी घेऊन लांबच्या डोहाकडे गेली. मागे राहिल्या दोघी. एक गोजरा, नवरा वारल्यावर माहेरी परतलेली, आणि दुसरी तिची भावजय सगुणा, दिवस भरलेली.

सगुणाला कळा सुरू झाल्या. एक दिवस गेला, रात्र गेली, तरी ती मोकळी होईना. पाणी तापवून, कंबर चोळून गोजराचे हात भरून आले होते. पोटात अन्नाचा कण नव्हता. उजाडल्यावर तिने सगुणाला उठवलं आणि खालच्या सुईणीकडे चालवत निघाली. या कातळापाशी सगुणा खाली बसली.

"आक्का, आता पाऊल उचलत न्हाई."

उतारावर एक बाई हिरडे वेचत होती. गोजराने तिला हाक मारली. "हिरडवाडीत जा. सुईणीला सांग, बाई अडलीय." मग तिने कातळाला पाठ लावली, सगुणाला पुढ्यात घेतलं, तिच्या काखेतून हात घातले आणि समोर जमिनीवर आलेल्या झाडाच्या मुळाला पाय रोवले.

कळ आली की सगुणा सगळ्या भाराने मागे रेटायची आणि गोजराचा कणा कातळात रुतायचा. ऊन चढत गेलं. खांदे बधिर झाले, डोळ्यांपुढे पिवळं दिसू लागलं. शेजारी करवंदीच्या जाळीची सावली होती. तिथं घटकाभर आडवं व्हावं, मग व्हायचं ते होवो, असं तिला वाटून गेलं. त्याची लाज वाटण्याइतकंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"सगुणे, मला होईना गं आता."

"तुमी सरकलात तर मी मागं पडंन, आक्का."

गोजराने सड्यावरच्या देवीला हात जोडले नाहीत, हात मोकळे नव्हतेच. मनातच म्हणाली, 'ही सुटंस्तोवर मला उठवू नगंस. मग माझं काय करायचं ते कर.' तेव्हा पाठीमागचा कातळ मऊ पडला आणि तिच्या पाठीएवढा आत सरकला, असं सांगतात.

दुपार कलताना सुईण भागूबाई चार बायका घेऊन पोचली. थोड्याच वेळात सगुणाला मुलगी झाली. बायकांनी घोंगडीची झोळी केली आणि बाळबाळंतिणीला घेऊन लगबगीने खाली उतरल्या. गोजरा मागून येतच असेल, असं प्रत्येकीला वाटलं.

हिरडवाडीत सगुणापुढे ऊन पेज आली. तिने इकडेतिकडे पाहिलं. "आक्का कुठं हायती?" सगुणाने वाडगा बाजूला सारला.

भागूबाई तशीच पुन्हा चढली. ऊन उतरलं होतं. गोजरा होती तिथेच बसलेली. पाय मुळाला रोवलेले, पुढ्यात कोणी नसताना हातांचा वेढा तसाच. भागूबाईने खांद्याला हात लावला, तेव्हा तिने डोळे अर्धवट उघडले.

"झाली का मोकळी?"

बाळाचं रडणं तिच्या कानांपर्यंत पोचलंच नव्हतं. ती अजून धरूनच होती.

"झाली बाई, कवाच झाली. पोरगी हाय. सोड आता हात."

हात तिला सोडता येईनात. भागूबाईने ते एकेक करून खाली घेतले. मग गोजरा तिथेच कुशीवर कलंडून गाढ झोपली आणि भागूबाई पदराने वारा घालत बसून राहिली.

आता हिरडवाडीच्या बायका जीपने तालुक्याच्या दवाखान्यात जातात. पण आजही बाळ झालं, की मुलगा का मुलगी हे कोणी आधी विचारत नाही. घरातलं वडील माणूस आधी शोधतं ते बाळंतिणीला दिवसरात्र धरून बसलेल्या बाईला. तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतं, "झाली मोकळी. सोड आता हात." ते ऐकून ती असेल तिथे, बाकावर म्हणा, फरशीवर म्हणा, आडवी होते. तिची झोप पुरी होईपर्यंत बारशाचं नावसुद्धा कोणी काढत नाही.