बर्फापलीकडची शाळा

एका रानातल्या चिंचेवर एक साळुंकी राहायची, आणि नकलांत तिला तोड नव्हती. घुबडाच्या आवाजात उंदरांना पळवायचं, आईच्या आवाजात धाकट्या भावाला जेवायला बोलवायचं आणि तो धापा टाकत आला की ढोलीत काहीच नाही, असले तिचे उद्योग. एकदा तिनं पोपटाची नक्कल त्याच्या होणाऱ्या बायकोसमोर केली. पोपट भडकला. सगळी चिंच ऐकत असताना म्हणाला, "दुसऱ्याचे आवाज काढायला काय लागतं गं? एवढी हुशार आहेस तर बर्फाच्या डोंगरापलीकडं राजहंसांच्या शाळेत शिकून दाखव. चार दिवसांत रडत येशील." खरं तर साळुंकीला ओढ्यापलीकडंसुद्धा एकटीनं जायची भीती वाटायची. पण चिंचेवरच्या शंभर साळुंक्या माना वळवून बघत होत्या. ती म्हणून बसली, "जाते. आणि शिकल्याशिवाय परत येत नाही."

शेजारच्या फांदीवर कोकिळाबाई टपलेल्याच होत्या. दुसऱ्यांची पोरं परमुलखात शिकायला पाठवायची, हा त्यांचा धंदा. म्हणायच्या, "माझी स्वतःची सगळी पोरं परक्या घरट्यात वाढली. इतकी छान रमली की एकही परत आलं नाही." यात काय चुकतंय ते कुणाला तरी कळायला हवं होतं, पण चिंचेवरच्या सगळ्या आयांनी माना डोलावल्या. साळुंकीच्या आईनं आपल्या वाटणीच्या उंबराच्या दोन फांद्यांतली एक, फळांसकट, मोबदला म्हणून कोकिळाबाईंना देऊन टाकली. हिवाळा सरला, थंडीपुरते रानात आलेले राजहंस आपल्या मुलखाला निघाले, तेव्हा एकाच्या पाठीवर पिसांत नखं रुतवून साळुंकी बसली. धाकटा भाऊ ओढ्यापर्यंत मागं मागं उडत आला. मग दमला आणि एका दगडावर बसला.

शाळा निघाली पाण्यात बुडी मारायची. हसू नका. तीन वेळा ती पोटभर पाणी प्यायली, चौथ्या वेळी तिला मानेला धरून काठावर काढावं लागलं. हंस वाईट नव्हते. जाता-येता "बरी आहेस ना" असं सगळेच विचारायचे, फक्त उत्तर येईपर्यंत पुढं पोहत गेलेले असायचे. दुपारी ती त्यांच्या पिसांतल्या उवा वेचायची, तेच तिचं जेवण. संध्याकाळ झाली की मात्र तिला चिंच आठवायची. त्या वेळी चिंचेवर शंभर जणींची जागेवरून भांडणं चालायची, आणि इथं अख्खं झुडूप तिचं एकटीचं. मग ती सगळ्यांचे आवाज काढायची. मावशी होऊन "सरक गं जाडे" म्हणायची, पोपट होऊन टोमणे मारायची, आई होऊन भावाला जेवायला बोलवायची. शेवटी भावाचा आवाज काढून "आलो" म्हणायची. त्यानंतर तिला पुढचं काही सुचायचं नाही.

थंडी आली तशी हंसांची आवराआवर सुरू झाली. ज्यांच्या मुलखात ती शिकायला आली होती, तेच ऊब शोधत तिच्या रानाला चालले होते. तिला आणणारा हंस म्हणाला, "बस पाठीवर. घरी सोडतो." एक पाय तिनं उचललासुद्धा. पण बुडी अजून येत नव्हती आणि पोपटाचं हसणं आत्ताच कानात वाजायला लागलं होतं. ती पाय खाली ठेवून म्हणाली, "तुम्ही जा. घरी सांगा, मजेत आहे. तळं गोड आहे. बर्फ साखरेसारखा लागतो."

"असंच सांगू?"

"असंच सांगा."

मग चार महिने ती एका कपारीत. तळं गोठलं. गोठलेल्या बिया टोकरायच्या आणि आवाज काढायचे. समोरचा कडा तेच आवाज परत द्यायचा, बाकी कुणी नाही.

हंस परतले त्या संध्याकाळी तिचा रोजचा खेळ चालू होता. मावशी झाली, पोपट झाला. आई होऊन तिनं हाक दिली, "जेवायला ये रे." भावाचा आवाज काढायला चोच उघडते न उघडते तोच मागून आवाज आला, "आलो."

हंसाच्या पाठीवर धाकटा बसला होता. चोच थंडीनं निळी. त्याच्यामागं आणखी आठ हंस आणि आठ पिल्लं. तिचा निरोप कोकिळाबाईंनी झाडाझाडावर जाऊन ऐकवला होता, आणि आईनं उंबराची उरलेली फांदीही देऊन टाकली होती. साळुंकीनं त्याला पंखाखाली ओढलं आणि घटकाभर सोडलंच नाही. मग तो बाहेर आला, बर्फाचा एक तुकडा त्यानं चघळून बघितला. म्हणाला, "ताई, हा गोड नाहीये. दुसरीकडचा असतो का?"

आठही पिल्लं तिच्या तोंडाकडं बघायला लागली. उद्यापासून ही पिल्लं बुडायला जाणार होती. कोकिळाबाईंचा आवाज साळुंकीच्या अगदी गळ्यापर्यंत आला होता. सगळं त्यांच्या नावावर ढकललं असतं तर कुणी अडवलंही नसतं. पण तोंडातून निघाला तो तिचा स्वतःचा आवाज, थंडीभर न वापरलेला, बारीक.

"कुठलाच गोड नसतो. ते मी खोटं सांगितलं. मला इथं एक दिवसही करमलं नाही, आणि पोपट हसेल म्हणून मी ते कळवलं नाही. तुम्ही माझ्यामुळं आलात. उद्या पाण्यात कुणी उतरायचं नाही."

तिचा निरोप नेणारा हंस म्हणाला, आता थंडीपर्यंत परत जाता येणार नाही, तेव्हा मात्र सगळ्यांना नेतो. मग त्यानं विचारलं, "या खेपेला घरी काय सांगू?"

"तुम्ही नका सांगू," साळुंकी म्हणाली. "मीच सांगते. सगळी चिंच ऐकत असताना."

तात्पर्य : लांब गेल्यावर घरी खरं काय ते कळवावं, कारण आपल्या खोट्या "मजेत आहे"वर विश्वास ठेवून आपल्यामागं घरातलंच धाकटं निघतं.