उसना विस्तव

सन १९६३. माघ सरत आला होता, बार्शीत सकाळची थंडी अजून होती.

“...खोली सामानासकट घेऊ की रिकामी?”

निवृत्ती देवकर विचारत होता. गावाबाहेरच्या चिंचेखाली रतनगिरी गोसाव्यांची धुनी होती. दर सोमवारी तो तिथे येऊन बसे.

गोसावीबाबांनी धुनीतले लाकूड पुढे सारले.

निवृत्ती मिलमध्ये फिटर होता. हात चांगला, डोके तापट. आपण कुणाला काही विचारतो हेच त्याला कमीपणाचे वाटे. पण आता गळ्याशी आले होते.

लग्न होऊन तिसरे वर्ष. राहणे थोरल्या भावाकडे. त्या घरात चूल वहिनीची. चंद्राने तिथे मिठाचा खडा उचलायचा तरी विचारून. संक्रांतीला ती वैरागला माहेरी गेली, ती आली नाही. निरोप आला तो सासऱ्याचा.

“शिवरात्रीपर्यंत खोली बघा. माझी पोर म्हणते, चूल माझी असेल तिथं येईन. नसेल जमत तर राहू द्या, आमच्या शेतावर माणूस लागतंच. मग न्यायला मात्र येऊ नका.”

हे त्याने बाबांना सांगितले नव्हते. नुसते खोलीचे विचारले.

“राहणार कोण?” बाबांनी विचारले.

“मी.”

“आणखी?”

निवृत्तीने पायाशी पडलेली चिंचेची काडी मोडली.

“बरं. खोल्या कुठल्या?”

“एक शेटेबाईंची. पलंग, कपाट, आरसा, मेज, स्टोव्ह, सगळं आहे आत. अंगावरच्या कपड्यानिशी जावं आणि राहावं. दुसरी कासाराच्या दुकानामागची. चार भिंती आणि एक खिडकी. खुंटीसुद्धा नाही.”

“तुझं मन कुठं आहे?”

“शेटेबाईंच्यात. चारचौघं येतील. फिटरच्या घरात पलंग दिसला पाहिजे.”

चारचौघे म्हणजे सासरा. तेही तो बोलला नाही.

बाबांनी चिमट्याने धुनीतला एक निखारा उचलला. फुटक्या घागरीच्या खापरात ठेवला. वर मूठभर राख टाकली.

“हा खोलीत ठेवून ये.”

“कुठल्या?”

“दोन्ही बघ. विस्तव तुझा. खापर माझं आहे, ते परत आण.”

निवृत्तीला हा पोरखेळ वाटला. पण बाबांनी डोळे मिटले होते.

तो खापर घेऊन भर बाजारातून निघाला. पानवाला ओरडला, “काय फिटरसाहेब, मिलचा बॉयलर विझला काय?”

निवृत्तीने मान वळवली नाही.

शेटेबाई दारातच होत्या. नवरा जाऊन वर्ष झालेले. त्यांनी खोली उघडून दिली. आत सगळे पुसून लखलखीत ठेवलेले होते.

“या. पण ते हातात काय?”

“विस्तव आहे. जरा ठेवायचा होता.”

“मेजावर नको हं, पॉलिश जाईल.”

तो खाली वाकला.

“सतरंजीवर नको. ह्यांनी सोलापूरहून आणलेली आहे.”

“मग त्या कोपऱ्यात?”

“तिथं ह्यांच्या चपला आहेत.”

खापर हाताला भाजू लागले होते. त्याने हात बदलला.

“बाई, हे सगळं भाडेकरूनं वापरायचंच ना?”

“वापरा की. त्यासाठीच तर आहे. हलवू मात्र नका.”

“पलंग खिडकीशी घेतला तर?”

“ह्यांचं डोकं नेहमी इकडच्या बाजूला असायचं,” शेटेबाई म्हणाल्या. बोलताना त्यांनी पलंगावरची चादर सारखी केली. ती सारखीच होती. “आणि विस्तव कशाला हवा तुम्हाला? स्टोव्ह आहे. सकाळ-संध्याकाळ मी येऊन पेटवून देत जाईन.”

“तुम्ही?”

“त्याचा पंप नाजूक आहे. परक्या हाताला नाही जमत.”

मिलची निम्मी यंत्रे निवृत्तीच्या हाताने चालत. तो खापर घेऊन बाहेर पडला.

कासार दुकानात एका बाईच्या हातात बांगड्या चढवत होता. त्याने मानेनेच मागची वाट दाखवली.

“जा, उघडीच आहे. खिळे ठोका, चूल घाला, काय वाट्टेल ते करा. भिंत माझी, भोकं तुमची.”

बांगड्या भरणारी बाई हसली.

खोलीत आवाज घुमत होता. निवृत्तीने खापर जमिनीवर ठेवले. कुठे ठेवू म्हणून विचारावे लागले नाही. मग विस्तव जिवंत आहे का बघावे म्हणून त्याने वरची राख फुंकून टाकली. निखारा लाल झाला, मग तांबूस, मग करडा. घालायला तिथे काडी नव्हती, की गवत नव्हते. तो उकिडवा बसून बघत राहिला.

सासरा या दारात उभा राहून काय म्हणेल, ते त्याला आताच ऐकू येत होते.

निखारा विझला. तो उठून थेट धुनीवर आला.

“बाबा, दोन्ही खोल्या बिनकामाच्या.”

“का?”

“एकीत विस्तव ठेवायला जागा नाही. दुसरीत ठेवला, तर विझला.”

“विझताना तू काय करत होतास?”

“मी? ...बघत होतो.”

बाबांनी मान हलवली.

“माझं खापर?”

निवृत्तीने आपल्या हातांकडे पाहिले. हात मोकळे होते.

“कासाराच्या खोलीत राहिलं.”

“मग ती रिकामी कुठं राहिली?” बाबा म्हणाले, आणि पाठ फिरवून बसले.

निवृत्तीने कासाराची खोली घेतली.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी सासरा चंद्राला घेऊन आला. डोक्यावर तिची पत्र्याची पेटी. त्याने दारातून आत पाहिले. इकडची भिंत पाहिली, तिकडची भिंत पाहिली.

“जावईबापू, खोली झकास आहे. बसायचं कुठं?”

निवृत्तीचे कान तापले. ओठावर शब्द आला होता. तेवढ्यात चंद्रा त्याच्या अंगावरून पुढे गेली. खोलीत एक फेरी मारली. कोपऱ्यातले खापर उचलून पाहिले.

“हे कुणाचं?”

“बाबांचं. परत द्यायचंय.”

“देऊ.” ती खिडकीशी गेली. वारा कुठून येतो ते हाताने बघितले. मग पायाच्या अंगठ्याने जमिनीवर रेघ ओढली. “चूल इथं.”

आणि बापाकडे वळून म्हणाली, “दादा, पेटीवर बसा. मी माती बघते.”

सासरा पेटीवर बसला. थोड्या वेळाने तोच उठला आणि चुलीसाठी तीन विटा घेऊन आला. कुठून आणल्या, ते कुणी विचारले नाही. निवृत्तीने बाह्या सारल्या. पाणी ओतता ओतता तो चुलीच्या तोंडाचे माप सांगू लागला.

“ते मिलमध्ये,” चंद्रा म्हणाली. “इथं माझ्या तव्याचं माप.”

सासरा तोंड फिरवून हसला.

पहिला विस्तव तिने कासाराच्या बायकोकडून आणला, त्याच खापरातून. पुढेही चूल विझली की तेच खापर घेऊन ती जाई. घरात तेवढेच होते.

खापर परत द्यायचे राहिले. खापराशिवाय रिकाम्या हाताने कसे जावे म्हणून निवृत्तीने सोमवारी जाणेही सोडले. चैत्र गेला. पावसाळा गेला. खोलीत खुंट्या आल्या, मांडणी आली, शेवटी एक बाजही आली. ती चंद्राने आधी खिडकीशी टाकली, मग दाराशी ओढली, मग पुन्हा खिडकीशी.

कार्तिकात एका लोहाराकडून निवृत्तीने घरासाठी लोखंडी उलथणे आणि विस्तव आणायची लांब दांड्याची पळी करून घेतली. त्या संध्याकाळी चंद्राने खापर घासून त्याच्यापुढे धरले.

“आता हे देऊन या.”

त्याने घेतले. तिने पुन्हा काढून घेतले.

“रिकामं भांडं परत देतात का?”

तिने चुलीतला चांगला धगधगता निखारा खापरात ठेवला. वर राख घातली.

“पाय उचला. दिवेलागणीनंतर घरातला विस्तव बाहेर देत नाहीत. आणि वाटेत राख फुंकू नका.”

त्या दिवशीचे राख फुंकणे तिला कुणी सांगितले, ते निवृत्तीला कळले नाही. त्याने तर कधी सांगितले नव्हते.

तो भराभर चालत निघाला. बाजारात पानवाल्याने पुन्हा काहीतरी टोमणा मारला. निवृत्ती म्हणाला, “घरचा आहे,” आणि पुढे गेला.

चिंचेखाली अंधार होता. धूर नव्हता. बाबा कांबळ्यात गुरफटून पडले होते. गाल आत गेलेले. धुनीत राख, तीही थंडगार.

निवृत्ती त्यांच्याजवळ वाकला.

“बाबा... धुनी?”

“ताप आला होता. विझली.”

“मग गावातनं विस्तव आणवायचा. कुणीही दिला असता.”

“कशात आणणार?” बाबा म्हणाले. “खापर तुझ्याकडं.”

निवृत्तीची मान खाली गेली. हातातले खापर चटके देत होते. त्याने या वेळी हात बदलला नाही.

“कुठं ठेवू?”

बाबांनी डोळे उघडले नाहीत.

“ठेव. जागा रिकामीच आहे.”