थेंबही न उरणारा हिशेब

"किती लागंल म्हणालास?"

"चव्वेचाळीस लिटर, उस्ताद. थेंबही उरणार नाही."

दस्तगीर उस्तादांनी माझ्या वहीत डोकावलं. मिरजेतल्या निम्म्या घरांना बाहेरून त्यांनीच रंग दिलेला. मी त्यांच्या हाताखाली चार वर्षं काढली होती आणि शहाणपण मात्र चाळीस वर्षांचं मिरवत होतो. चौगुले मास्तरांच्या घराचा हिशेब उस्तादांनी पहिल्यांदाच माझ्यावर सोपवला होता.

रंग मास्तरांच्या पत्नीच्या आवडीचा, फिकट पिस्ता. बाई वर्षापूर्वी गेल्या. मास्तरांना तोच रंग हवा होता. तो दुकानात मिळायचा नाही. उस्ताद पांढऱ्यात रंगाच्या पुड्या कालवून नजरेनं जमवायचे, आणि तो एकदाच जमायचा. कमी पडला तर दुसरा घाणा वेगळा दिसणार, आणि ते ठिगळ मास्तरांना रोज बघावं लागणार.

"खिडक्या वजा केल्यास?"

"केल्या," मी ऐटीत म्हणालो.

"आन् खिडक्यांच्या कडांना रंग कोण देणार, तुझा सासरा?"

माझं लग्नही झालं नव्हतं.

उस्तादांनी पाण्याच्या बादलीत पंजा बुडवला आणि पूर्वेच्या भिंतीवर टेकवला. ओला पंजा बराच वेळ दिसत राहिला. मग ते मला मागे, पश्चिमेच्या भिंतीकडे घेऊन गेले. तिथं उन्हानं आणि पावसानं गिलावा पार खाल्ला होता. पुन्हा पंजा टेकवला...

बोटं उचलेपर्यंत भिंत कोरडी.

मी वही उघडून पुन्हा हिशेब केला. "बावन्न?"

"साठ घे."

"आठ लिटर उरतील, उस्ताद."

मास्तर ओट्यावर पेपर वाचत होते, निदान तसं दाखवत होते. ते उठून आत गेले आणि एक गंजका डबा घेऊन आले. मागच्या खेपेला उस्तादांनी उरलेला रंग त्यातच ठेवून दिला होता. दाराच्या कडीपाशी भिंतीला हात लागून लागून डाग पडायचा, तिथं बाई दर दिवाळीला ब्रश फिरवायच्या, असं मास्तरांनी सांगितलं. डबा रिकामा होता.

मला माझ्या वहीची लाज वाटली. आजही कुणाचं घर मोजताना तो डबा आठवतो.

मास्तरांनी डबा खाली ठेवला. "या खेपेला नका उरवू, दस्तगीरभाई. पंच्याहत्तरी झाली माझी. एकट्यासाठी कशाला?"

उस्ताद दाराशी गेले. कडीजवळच्या काळपट डागावर त्यांनी अंगठा फिरवला...

"तुमच्यासाठी कुठं, मास्तर? दाराला अजून लई हात लागायचे हायती."